भाकरतुकडा

"आई, पेटी पुसेपर्यंत जरा धरता का याला? शेवटचंच," मृण्मयी म्हणाली.

शकुंतलाबाई नुकत्याच भाकऱ्या करून उठल्या होत्या. नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण सुनेचे रडून लाल झालेले डोळे दिसले आणि हात आपसूक पुढे झाले. लग्न होऊन येताना तिने माहेरून पिशवीतून आणलेला हा हातभर लांबीचा पाळीव अजगर आज मैत्रिणीकडे जाणार होता. "घरात एक तर तो राहील, नाहीतर मी," असं त्यांनीच ठणकावलं होतं.

तो ओंजळीत येताच त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण तो ना फुसफुसला, ना वळवळला. डोकं वेटोळ्यात खुपसून मुठीएवढा गोळा होऊन बसला.

"असं काय करतोय हा?"

"घाबरलाय, आई. नवीन घर, नवीन माणसं."

शकुंतलाबाईंनी ओंजळ जरा मिटून घेतली. तव्याची ऊब अजून त्यांच्या तळव्यांत होती. हळूहळू गोळा सैलावला, चिमुकलं डोकं बाहेर आलं आणि त्यांच्या मनगटावर विसावलं.

खाली मैत्रिणीच्या गाडीचा हॉर्न वाजला. मृण्मयीने हात पुढे केले.

"थांब." त्याला तसाच घेऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या. भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी त्याच्यावरून ओवाळला आणि खिडकीबाहेर टाकला.

"उंबऱ्यात तुझ्यावरून ओवाळला, तेव्हा हा पिशवीत होता. याचा राहूनच गेला. आता मैत्रिणीला वर बोलाव. रिकाम्या हाती जायचंय बिचारीला, निदान जेवून तरी जाऊ दे."