होडी सोड!

"डोरीनने तुमचं दोघांचं सगळं सांगितलंय मला," सकाळी कॉफी ओतताना रसेल म्हणाला. "घरी पोचू दे, मग मित्राच्या बायकोकडे जाणारं हे तुझं थोबाड फोडतोच. आधी नदी उतरू."

लॉर्नने तंबू गुंडाळायला घेतला. दर पानगळीत हे दोघे होडी घेऊन उत्तर ऑन्टारिओच्या जंगलात यायचे.

दुपारी खळाळात होडी उलटली. बर्फगार पाण्यात लॉर्नने होडीच्या पुढे, प्रवाह वाहत होता त्या बाजूने, तिची कड गच्च धरली. मागच्या बाजूने रसेल वल्ह्याने त्याच्या बोटांवर दणादण हाणू लागला. "सोड! सोड, भडव्या!" उजव्या हाताची बोटं मोडली तेव्हा लॉर्नने होडी सोडली. प्रवाहाने दोघांनाही काठावर फेकलं.

रसेल खोकत, रांगत जवळ आला. "फार लागलं का रे?"

जीव घ्यायला निघाला होता आणि वर विचारतोय! लॉर्नने धड हाताने धोंडा उचलला आणि रसेलचा आवाज बंद होईपर्यंत त्याच्या डोक्यात घालत राहिला.

मग धापा टाकत त्याने नदीकडे पाहिलं.

 

पाण्याने भरलेली होडी खडकावर आदळून दुमडली होती, आणि लॉर्न जिथे लटकला होता ती बाजू खडकाला अशी चिकटली होती की मध्ये बोटही शिरलं नसतं.