दुसरी बशी

"आई, तुझा मधुमेहावरचा जांभळाच्या सालीचा काढा खरा ठरला! त्यातल्या तुरट टॅनिनमुळे चरबीच्या पेशी साखर भराभर ओढून घेतात!" प्रयोगशाळेतून मी फोनवर जवळजवळ ओरडलेच.

"बघ, मी म्हणत नव्हते? एवढी तुरट चव उगाच नसते." आई हसली.

पेशींच्या त्या काचेच्या बशीत टॅनिनसोबत इन्सुलिनही घातलं होतं, हे सांगायचं मात्र राहून गेलं.

आई गेल्यावर तिच्या फ्रिजमध्ये इन्सुलिनच्या सहा कुप्या सापडल्या. एकीचंही सील तुटलं नव्हतं. काढ्याची बाटली तेवढी रिकामी होती.

आता मी रोज दोन बशा मांडते. पहिलीत टॅनिन आणि इन्सुलिन, दुसरीत नुसतं टॅनिन. तिच्यातली साखर तशीच राहते, आणि झाकण उघडलं की कानाशी आई हसते, "बघ, मी म्हणत नव्हते?"