पांढऱ्या उजेडाची ट्यूब

महारुद्रानं नवी ट्यूब कागदातून सोडवली आणि स्टुलावर चढला.

"माय, ही पांढरी हाय. दिवसावाणी उजेड पडंल."

मथुराबाई खाली, पालथ्या घातलेल्या टोपलीपाशी बसल्या होत्या.

ट्यूब मुरुमच्या बाजारातून त्याच्या थोरल्या भावानं, उत्तरेश्वरानं आणली होती. जुनी पार पिवळी पडलेली. तिच्या उजेडात पीठ कोणतं आणि राख कोणती कळायचं नाही. "उद्या बदलतो," म्हणत तो जेवायला बसला. रोजच्यासारखा पहिला तुकडा कुस्करून दारातल्या चिमण्यांना टाकला. दुसरा घास हातातच राहिला. पाटावरून कलंडला तो उठलाच नाही. परवाची गोष्ट.

तो जिथं पडला तिथंच शेजारच्या कडूबाईनं रीतीप्रमाणे पीठ पसरून दिवा ठेवला, वर टोपली झाकली. गेलेला जीव ज्या जन्माला जातो, त्याचं पाऊल पिठावर उमटतं म्हणतात. आज महारुद्र राख सावडून आला होता. दिवेलागणीला टोपली उचलायची होती.

तोवर मथुराबाईंनी अन्न सोडलं होतं.

"बुवा कीर्तनात सांगतेत, जीव मरत न्हाय, नुसतं घर बदलतो," त्या म्हणाल्या होत्या. "खरं आसंल. पर कोणत्या घरी गेलं माझं लेकरू, ते आईला दावाय नको? दिसल्याबिगर म्या घास घ्यायची न्हाय."

"मग म्या बी न्हाय, आत्या," उत्तरेश्वराची बायको चांगुणा म्हणाली होती. तेवढंच. ती रडली नव्हती. चूल थंड होती. पिठाच्या डब्याला घरातल्या कुणाचा हात लागला नव्हता. शेजारणींनी आणलेल्या भाकरी शिंकाळ्यात वाळत होत्या.

सकाळी मथुराबाई भेटायला आलेल्या बायांत ओट्यावर बसल्या, तेव्हा चांगुणानं टोपली भिंतीच्या बाजूनं जराशी तिरपी केली. पीठ कोरंच होतं. सासूचा ओढलेला चेहरा तिला आठवला. तिनं बोटाच्या टोकानं पुढं तीन रेघा ओढल्या, मागं एक. चिमणीचा पाय. हात धुतला. तरी मनाला काहीच वाटलं नाही.

दुपारी पाण्याचा टँकर आला.

"जा, न्हाऊन घे बाय," मथुराबाई चांगुणाला म्हणाल्या. "म्या बसते दिव्यापाशी."

आता नवी ट्यूब दोनदा लुकलुकली आणि लागली. धुरानं काळ्या झालेल्या भिंती, शिंकाळं, खुंटीवरचे उत्तरेश्वराचे टाळ, सगळं एकदम उघडं पडलं.

महारुद्रानं टोपली उचलली.

"माय! चिमणी गं!"

मथुराबाईंनी वाकून पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला.

"आन् हे बघ माय, दुसरं. हिकडं, दाराच्या अंगाला. एका जिवाची दोन पावलं कशी?"

"येड्या, चिमणी काय एका पायावर जाती? चालत गेला आसंल."

चांगुणा बघत राहिली. भिंतीकडचं पाऊल तिचं होतं. दाराकडचं तिनं काढलं नव्हतं. हलकंसं, दाराकडं निघालेलं.

"आलते," ती पुटपुटली. "आत्या, खरंच आलते." आणि परवापासून पहिल्यांदा ती रडली.

मथुराबाईंनी तिला रडू दिलं. मग शिंकाळ्याकडं मान केली. "काढ भाकर. आता तरी खाशील न्हवं?"

चांगुणानं भाकरी काढली, मोडली. एक तुकडा सासूच्या तोंडात घातला, एक आपल्या. मथुराबाईंनी तिचे डोळे पुसायला हात वर केला.

नव्या उजेडात त्यांच्या नखातलं पीठ पांढरंशुभ्र दिसत होतं.