दहा मीटरांच्या आत

"आता ह्या डागार... हळू... आणि पुसलो!" कॉन्स्टान्सियो मोठ्याने म्हणाला. पडद्यावरचा बाण नेमका त्या काळ्या ठिपक्यावर थांबला, ठिपका नाहीसा झाला आणि खालचं 'पास्कोल' हे नाव मोकळं झालं.

"बघितलंस? म्हाताऱ्याचो हात अजून चलता."

"बघितलंय, बघितलंय," मागून त्याची बायको सेलिना म्हणाली. ती खिडकीपाशी बसली होती. शेजारच्या तिपाईवर विणायला घेतलेली लेस पसरली होती. लेसखाली तिचा उजवा हात होता आणि हाताखाली दुसरा माऊस.

वेंगुर्ल्याच्या त्यांच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या दमट हवेने आणि कसरीने डागाळल्या होत्या. पाद्रींनी पानापानाचे फोटो काढून दिले होते. डाग तेवढे पुसायचे, अक्षर राखायचं. ते जुनं लॅटिन वळण वाचता येणारा कॉन्स्टान्सियोशिवाय आता वाडीत कोणी उरला नव्हता. कामही त्याला हेच एक उरलं होतं. पण जुलैत त्याचा हात थरथरायला लागला. एकदा डागाबरोबर एका पोरीचं अर्धं नाव गेलं. नाव लगेच परत आणता आलं. कॉन्स्टान्सियोचं मन मात्र परत आलं नाही.

"पाद्रींका सांग, दुसरो माणूस बघा," तो म्हणाला, आणि समोरचं ताटही त्याने बाजूला सारलं. सेलिनाने त्या दिवशी शिजवलेलं कालवण तसंच झाकून ठेवलं.

गणपतीच्या सुट्टीत म्हापशाहून लेक आली, आग्नेस. येताना बिनवायरचा माऊस घेऊन आली. वायरच्या ओढीमुळे पप्पांचा हात जास्त हलतो, असं तिचं म्हणणं.

"शेपटी नाय तो उंदीर कसलो?" कॉन्स्टान्सियोने तो उलटापालटा करून बघितला. "वायर आसली तर बरी. खंयसून खंय गेली ती दिसता. हो पडलो कपाटाखाली तर शोधीत रव. वर आणि पेन्सिल सेल घाल. मधीच मेलो तर?"

"मेलो तर दुसरो घालूचो. पण पप्पा, हो दहा मीटरांवरसून चलता. ओटीर बसलास तरी काम होतला."

दहा मीटर. सेलिनाने शाळेत तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं होतं, त्यामुळे आकडा तिच्या डोक्यात राहिला. आग्नेस गेल्यावर तिने कुडाळहून तसाच दुसरा माऊस आणवला. त्याचा नखाएवढा रिसीव्हर संगणकाच्या पाठीमागे खोचला. नवऱ्याच्या माऊसचा वेग, पोटाखालचं बटण दाबून, अगदी तळाला आणला. एका पडद्यावर दोन माऊस चालू शकतात. बाण दोघांचंही ऐकतो, पण ज्याची चाल मोठी त्याचं जास्त.

पहिले दोन दिवस बाण तरीही कापत होता. तिसऱ्या दिवशी एकदम शांत झाला. आपला हात बसला, असं सेलिनाने मनाशी नोंदवलं. थोडा अभिमानही वाटला.

पूर्वी कॉन्स्टान्सियो मुकाट काम करायचा. आता मात्र त्याला मोठ्याने बोलायची सवय लागली होती. "वरच्या टिंबाक हात लावचो नाय", "हो डाग न्हय, हो एफ अक्षराचो वळसो", असं सगळं सांगत सुटायचा. वय, दुसरं काय! तिच्या ते पथ्यावरच पडलं. तो सांगायचा, ती करायची.

तो आठवडाच चांगला गेला होता. महिनाभर बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळही त्याच आठवड्यात चालू झालं. बाजारातून सेल आणायला ती दोनदा विसरली होती. शेवटी त्यानेच घातला.

दर रविवारी आग्नेसचा फोन यायचा.

"पप्पा, माऊसाचो सेल बदललास?"

"नाय गो. तीन म्हयने झाले, धड चलता. चुकलंय मी. बरो आसा तुझो उंदीर."

"आणि मम्मीची लेस? खंयसर पावली?"

"वाढता हळूहळू," कॉन्स्टान्सियो म्हणाला.

तीन महिन्यांत लेस वीतभरही वाढली नव्हती. सेलिना मान खाली घालून भाजी निवडत राहिली. अडतीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्यापासून काही लपवलं नव्हतं. पण ते बाजूला सारलेलं ताट तिला आठवलं. हे त्याला कधीच कळता कामा नये.

चर्चचा वार्षिक सण, फेस्त, तीन दिवसांवर आलं आणि शेवटचं पान उघडलं. चार डाग राहिले होते. तीन गेले.

"आता ह्यो खालचो. उजव्या बाजून ये... येवंदे..."

बाण थांबला.

सेलिनाने लेसखालचा हात पुढे सरकवला. मागे घेतला. माऊस तिपाईवर हलकेच आपटला. काही नाही. सेल मेला होता.

कॉन्स्टान्सियोचा हात टेबलावर थरथरत होता, हाताखाली माऊसही थरथरत होता. बाण मात्र जागचा हलेना. थोडा तरी हलायला हवा होता, तिच्यातली शिक्षिका म्हणाली. तिच्यातली बायको घाईघाईने सबब शोधत होती.

"अवो, कॉम्प्युटर अडाकलो वाटता," ती उठत म्हणाली. "बंद करून चालू करूया. तवसर तुमी भायर बसा, मी च्या हाडतंय."

कॉन्स्टान्सियो हसला. मागे मात्र वळला नाही. थरथरतं बोट त्याने भिंतीकडे नेलं.

"कॉम्प्युटराक काय जावक नाय गो. तुझो सेल संपलो. त्या घड्याळातलो काढून घाल, तो माझ्याच माऊसातलो आसा."