अबोला

"माझा विश्वास उडालाय, पाळकसाहेब. आता चर्चमध्ये पेटी वाजवायची म्हणजे निव्वळ ढोंग होईल," शांतवन मास्तर म्हणाले.

पाळकसाहेबांनी गीतांच्या पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. "शनिवारची तालीम सहाला ठेवू या का?"

मास्तरांच्या डोक्यात तिडीक गेली. जन्मभर एकही उपासना न चुकवणारी त्यांची बायको वर्षभर कॅन्सरने तडफडून गेली. असं का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. चर्चच्या पंचांना विचारलं, तर ते 'देवाची योजना' म्हणून मोकळे झाले. महिला मंडळाने जेवणाचा डबा पाठवला. आणि हे साहेब तालमीची वेळ ठरवत बसले होते.

रविवारी मास्तर मुद्दाम घरीच राहिले. पण घर होतं चर्चच्या भिंतीला लागूनच. पेटीविना मंडळीने पहिलंच गीत भलत्याच वरच्या पट्टीत धरलं, आणि तेही नेमकं तिच्या आवडीचं. दुसऱ्या कडव्यात सगळ्यांचे आवाज फाटायला लागले. मास्तरांनी कानांवर उशी दाबली, मग ती भिरकावली आणि तणतणत जाऊन थेट पेटीवर बसले. पट्टी खाली आली, तशी मंडळी सावरली.

पाळकसाहेब पुस्तक घेऊन शेजारी येऊन उभे राहिले.

"खूश होऊ नका," भाता हलवत मास्तर पुटपुटले. "देवाशी माझा अजून अबोला आहे."

पाळकसाहेबांनी याही वेळी पुस्तकातून डोकं वर काढलं नाही.

"माझाही आहे," ते हळूच म्हणाले. "तिसरं कडवं घ्या."