कूलरसमोरची जागा

छावणीजवळच्या शाळेत शिक्षकांच्या क्रीडादिनी संगीत खुर्ची जिवावर उदार होऊन खेळली जात होती, कारण जिंकणाऱ्याला वर्षभर स्टाफरूममधली कूलरसमोरची जागा मिळणार होती. सुकेशनी मॅडम आजवर पत्र्याखालच्या कोपऱ्यात बसायच्या. तिथं मार्चपासून वह्यांसोबत त्याही भाजून निघायच्या. शेवटी त्या, पीटीचे गवळी सर आणि एकच खुर्ची उरली. गाणं थांबलं. सरांनी धपकन बैठक मारली. "जा मॅडम, पत्रा वाट बघतोय!" हेडसर निकालाची शिट्टी फुंकणार, तोच फाटकातून केंद्रप्रमुख साहेब शिरले. सवयीनं सगळे ताडकन उभे राहिले, गवळी सरही. मॅडम अलगद बसल्या. "अहो, ती माझी खुर्ची!" सर कळवळले. "शिट्टी कुठं वाजलीय, सर?" हेडसरांनी शिट्टी फुंकली. टाळ्या ओसरल्यावर साहेबांनी घाम पुसत विचारलं, "खुर्ची मिळेल?" मॅडम हलल्या नाहीत. "साहेब, पुढच्या वर्षी खेळायला या."