क्लोरीनची नळी

घरामागचा पोहण्याचा तलाव बुजवून टाक, असं थोरल्या जाऊबाई वर्षभर बजावत होत्या. "कितीही स्वच्छ केलं तरी पाणी हिरवं होतं, यात काहीतरी काळंबेरं आहे," असं त्यांचं म्हणणं. धाकटीने ते या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं आणि भर दुपारी क्लोरीन आपोआप सोडणारा पंप स्वतःच भिंतीवर ठोकला. एक नळी तलावाकडे जाणाऱ्या पाइपात बसवली, दुसरी क्लोरीनच्या कॅनमध्ये सोडली.

"आता बघतेच कसं हिरवं होतं ते!"

जाऊबाई दारातून म्हणाल्या, "अगं, चालूसुद्धा झाला?"

पंपाची वायर अजून धाकटीच्या हातातच होती. तरी कॅनमधलं क्लोरीन भराभर उतरत होतं, तहानलेल्या माणसाने घटाघटा प्यावं तसं.

"सोड ते, आत ये!"

"का म्हणून? तलाव माझा आहे."

तिने नळी कॅनमधून उपसली आणि रबरी हातमोजा घातलेला अंगठा नळीच्या टोकावर गच्च दाबला. पलीकडून ओढ लागली. तिने अंगठा हलवला नाही.

"ओढ, किती ओढायचं ते!" ती तलावाकडे रोखून बघत म्हणाली.

ओढ थांबली. मग त्या बारीक नळीच्या आतून तिच्या अंगठ्याला दात लागले.